केस गळतायत? औषध विकत घेण्याआधी कारण शोधणं का महत्त्वाचं आहे?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये आधी लोकांच्या डोक्याला खाज सुटायची, मग नुसता हात फिरवला तरी केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. महिनाभरात 18 गावांमधले 279 जण या यादीत आले. त्यात कॉलेजात जाणाऱ्या मुलीही होत्या.

बुलढाण्याच्या खाली जालना आणि जालन्याच्या खाली बीड. व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले तसे 'आपल्याकडेही असं होईल का?' आणि 'यावर औषध कोणतं?' हे दोन प्रश्न मराठवाड्यातही आले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बाजार तयारच असतो. 'सात दिवसांत नवीन केस'वालं तेल, केसांच्या गोळ्या, सीरम, हप्त्यावर केस बसवून देणारी क्लिनिक, हे सगळं एकाच स्क्रीनवर येतं.

पण शेगावच्या त्या गावांमध्ये यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. तिथं जे कारण निघालं, त्यावर तेल किंवा सीरम हा उपायच नव्हता. केसगळतीच्या उपचारांबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. केसगळती हा एक आजार नाही. ती बऱ्याच वेगवेगळ्या कारणांमुळे होते आणि एका कारणावरचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

बुलढाण्यात नेमकं काय झालं होतं?

सुरुवातीला संशय बुरशीच्या संसर्गावर आणि पाण्यावर गेला. शाम्पूवरही बोट दाखवलं गेलं. आरोग्य विभागाने पाण्याचे आणि त्वचेचे नमुने घेतले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची पथकं गावात आली. त्यांनी रक्त, केस, पाणी, माती आणि धान्याचे नमुने नेले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीही स्वतंत्रपणे याचा शोध घेतला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ते ओळखले जातात आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आहे. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे खनिज नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळलं. रक्तात सुमारे 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट. रेशनवर मिळालेल्या गव्हातही सेलेनियमचं प्रमाण खूप होतं, स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट, असं त्यांनी सांगितलं. हा गहू उत्तरेकडून, पंजाब-हरियाणाच्या भागातून आलेला असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

सेलेनियम हे विष नाही. शरीराला ते लागतंच, पण अगदी थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम पुरतं. रोज 400 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण केस आणि नखांवर दिसते. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींमध्ये सेलेनियम जास्त असल्याची नोंद पूर्वीपासून आहे. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी इथं 1960 च्या दशकात अशाच कारणाने गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती.

शेगाव तालुक्यात एप्रिल 2025 मध्ये काही रुग्णांची नखंही कमकुवत होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. अनेकांचे केस मात्र पुन्हा उगवू लागले होते. इथे उपचार म्हणजे कारण थांबवणं हाच होता.

केस गळणं म्हणजे नेमकं काय?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं स्वतःचं चक्र चालतं. तो काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, तो दोन-तीन महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा केस येतो. कोणत्याही वेळी 85 ते 90 टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं हे नैसर्गिक आहे.

गडबड तीन ठिकाणी होऊ शकते. एक, वाढीतले केस एकदम तुटून पडतात. विषबाधेत किंवा कॅन्सरच्या केमोथेरपीत असं होतं आणि बुलढाण्यातला प्रकारही याच जातीचा होता. दोन, एकाच वेळी खूप केस विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तीन, केसाचं मूळच हळूहळू बारीक होत जातं, प्रत्येक नवा केस आधीपेक्षा पातळ येतो आणि शेवटी दिसेनासा होतो. याला आपण 'टक्कल पडणं' म्हणतो.

आपली केसगळती कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखायचं?

निदान डॉक्टरच करतील, पण काही खुणा घरीही लक्षात येतात.

• संपूर्ण डोक्यावरचे केस झडतायत, कंगव्यात आणि न्हाणीत पुंजके दिसतायत: मागचे दोन-चार महिने आठवा. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन, घरातला मृत्यू किंवा झटपट वजन उतरवण्यासाठी केलेला उपास यातलं काही झालं होतं का? ताप उतरून दोन-तीन महिने झाल्यावर केस गळायला लागतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही. ही गळती सहसा तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात.

• पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून किंवा टाळूवरून केस विरळ होतायत, बायकांमध्ये भांग रुंद होत चाललाय: हे आनुवंशिक टक्कल असण्याची शक्यता जास्त. ते आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही.

• नाण्याएवढी गोल, गुळगुळीत, केस नसलेली जागा: ही चाई. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. यात बुरशी किंवा किडा नसतो आणि चाई एकाची दुसऱ्याला होत नाही.

• लहान मुलाच्या डोक्यावर खाज, पापुद्रे आणि तुटलेले केस: हा डोक्यातला गजकर्ण म्हणजे बुरशी असू शकते. ती कंगवा आणि टोपीतून पसरते. वरून मलम लावून ती जात नाही, ग्रिझिओफल्विन किंवा टर्बिनाफिनसारख्या पोटात घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे लागतात.

• घट्ट वेणी किंवा अंबाडा घालणाऱ्यांचे कपाळाजवळचे, कानाजवळचे केस जातायत: सततच्या ओढीमुळे हे होतं. वेळीच सैल बांधायला लागलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर येत नाहीत.

• केस गेलेल्या जागेची त्वचा चकचकीत, व्रणासारखी झालीय, दुखते किंवा पू येतो: यात थांबू नये. काही आजारांत मूळच कायमचं मरतं आणि उशीर केला तर केस परत येत नाहीत.

बीडमध्ये एक कारण आधी तपासायला हवं

आनुवंशिक टक्कल जगात सगळीकडे असतं. पण बीड, केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या एखाद्या बाईचे केस गळत असतील, तर तेलाची बाटली घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासायला हवं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसून आलं होतं. शरीरात लोह कमी झालं की ते आधी जगण्यासाठी आवश्यक अवयवांना पुरवलं जातं. केसांचा नंबर शेवटी लागतो.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने पहाटेपासून काम, अपुरं जेवण, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात 82 हजारांहून अधिक बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

समितीचा विषय केसगळती नव्हता, पण डॉक्टरांसाठी ही माहिती फार मोलाची आहे. पाळीत जास्त रक्त जात असेल तर लोह कमी होतं. कोणत्याही मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडू शकतात. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम घटतं आणि भांग रुंद होऊ लागतो. अशा बाईला कुणी नुसतं सीरम दिलं तर पैसे जातील आणि मूळ दुखणं अंगात तसंच राहील. तिच्यासाठी केसगळती हा तब्येतीचा इशारा असतो.

म्हणून डॉक्टरांना हे स्वतःहून सांगावं: पाळी कशी येते, बाळंतपण कधी झालं, ऑपरेशन कोणतं झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी सुचवली जाते. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस किंवा मुरूम येत असतील तर पीसीओएसचाही विचार होतो. लोह खरंच कमी असेल तर गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

आनुवंशिक टकलावर खरंच काम करणारी औषधं कोणती?

जाहिराती शंभर असल्या तरी ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे अशी मुख्य औषधं दोनच आहेत. दोन्ही दुसऱ्याच आजारासाठी आली होती.

पहिलं मिनॉक्सिडिल. अमेरिकेत 1979 मध्ये ते रक्तदाबाची गोळी म्हणून आलं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. त्यावरून डोक्याला लावायचं द्रव तयार झालं आणि 1988 मध्ये त्याला तिथे टकलावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. आज ते 2 आणि 5 टक्के द्रव किंवा फेसाच्या रूपात मिळतं. कोरड्या टाळूवर लावायचं असतं. तेल लावलेल्या ओल्या डोक्यावर ते नीट काम करत नाही.

वापरणाऱ्याला तीन गोष्टी आधी कळायला हव्यात. पहिल्या दोन महिन्यांत केस आणखी गळतात, कारण जुने केस पडून नवे यायला जागा होते. बरेच जण नेमकं इथेच घाबरून सोडून देतात. फरक दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात. आणि औषध बंद केलं की काही महिन्यांत मिळालेला फायदा निघून जातो. म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स करून टक्कल कायमचं जात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते वापरू नये. काही डॉक्टर आता कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळीही देतात. पण तिने पायाला सूज, धडधड होऊ शकते, म्हणून हृदय आणि रक्तदाब तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

दुसरं फिनास्टेराइड. त्याची गोष्ट कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमधली आहे. तिथल्या एका भागात काही मुलगे जन्मतः एका विशिष्ट विकराच्या कमतरतेसह जन्मायचे. 1974 मध्ये त्यांच्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. या माणसांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि त्यांना टक्कल पडायचं नाही. हे विकर टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या संप्रेरकात रूपांतर करतं आणि हे डीएचटीच केसांची मुळं बारीक करतं. फिनास्टेराइड तेच विकर अडवतं. 5 मिलिग्रॅमची गोळी 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी आली, तर 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी.

अनेक पुरुषांमध्ये ती गळती थांबवते, काहींचे केस दाटही होतात. पण ती प्रिस्क्रिप्शनचीच गोळी आहे. थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं किंवा ताठरतेची अडचण येते, आणि काहींनी गोळी बंद केल्यावरही हे त्रास राहिल्याची तक्रार केली आहे. मे 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं नक्की केलं. आधीपासून नैराश्य असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं आणि गोळी सुरू केल्यावर मन उदास राहू लागलं तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना भेटायला हवं.

आणखी दोन सूचना फारशा सांगितल्या जात नाहीत. ही गोळी घेणारा माणूस प्रोस्टेटसाठी पीएसए चाचणी करत असेल तर आकडा निम्म्याने कमी दिसू शकतो, म्हणून गोळीबद्दल सांगावं. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. मुलगा पोटात असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो.

ड्युटास्टेराइड हे त्याच जातीचं, अधिक जोरकस औषध. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते टकलासाठी मान्य आहे. बायकांमध्ये काही वेळा स्पायरोनोलॅक्टोन दिलं जातं, पण तेही गरोदरपणात चालत नाही.

चाई पडली तर काय करायचं?

बीडच्या खेड्यांतच काय, शहरातही चाईवर लसूण, कांदा चोळण्यापासून बिब्बा लावण्यापर्यंत उपाय सांगितले जातात. बिब्ब्याने आणि कच्च्या लसणाने त्वचा भाजते. खोल भाजलं तर व्रण पडतो आणि जिथे केस परत येणार होते तिथेही येत नाहीत. लहान चाई अनेकदा वर्षभरात आपणहून भरून येते. त्यामुळे जो उपाय त्या काळात केला जातो, त्याला श्रेय मिळतं.

त्वचारोगतज्ज्ञ लहान चाईवर स्टेरॉइडचं मलम किंवा त्याच जागी बारीक इंजेक्शनं देतात. चाई पसरून संपूर्ण डोकं, भुवया जाऊ लागल्या तर गेल्या काही वर्षांत नवी औषधं आली आहेत. बॅरिसिटिनिबला 2022 मध्ये आणि रिटलेसिटिनिबला 2023 मध्ये अमेरिकेत गंभीर चाईसाठी मान्यता मिळाली. भारतात अनेक डॉक्टर टोफॅसिटिनिबही वापरतात. ही औषधं प्रतिकारशक्ती आवरतात, म्हणून ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. क्षयरोग असलेल्या आपल्या देशात ही पायरी टाळून चालत नाही.

पीआरपी आणि केस प्रत्यारोपण

पीआरपीमध्ये आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग टाळूत टोचतात. काही अभ्यासांत फायदा दिसला आहे. पण किती वेळा, किती प्रमाणात, कोणत्या पद्धतीने याला अजून एकसारखं मापच नाही. त्यामुळे मुख्य औषधांना जोड म्हणून ते ठीक, एकटं पुरेल असं गृहीत धरू नये.

प्रत्यारोपणात डोक्याच्या मागच्या बाजूचे, टक्कल न पडणारे केस मुळासकट काढून पुढे लावतात. योग्य माणसाला, योग्य हातांनी केलं तर निकाल चांगला मिळतो. पण नवे केस तयार होत नाहीत, आहेत तेच दुसरीकडे जातात. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात आणि पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागतं. आसपासचे मूळचे केस टिकवायला औषध चालूच ठेवावं लागतं. विशीतल्या पोराचं टक्कल अजून कुठवर जाणार हे कळलेलं नसतं, म्हणून त्याने घाई करू नये.

हे ऑपरेशन आहे हे विसरलं की काय होतं, याची उदाहरणं आहेत. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस बसवून घेतले आणि त्यानंतर तीव्र अॅलर्जीसारखी लक्षणं दिसून त्याचा मृत्यू झाला. 2025 मध्ये कानपूरमध्ये प्रत्यारोपणानंतर दोन अभियंत्यांच्या मृत्यूची प्रकरणं पोलिसांत गेली.

सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचं योग्य प्रशिक्षण असलेले प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनीच प्रत्यारोपण करावं आणि यूट्यूब पाहून किंवा छोट्या कार्यशाळेत शिकणं पुरेसं नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: ऑपरेशन कोण करणार, त्यांची पदवी काय, भूल कोण देणार आणि काही झालं तर जवळचं अतिदक्षता असलेलं रुग्णालय कोणतं? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर परत यायला हरकत नाही.

तेल, शाम्पू आणि केसांच्या गोळ्या

तेलाने केस तुटणं कमी होतं, चमक येते. पण ते मुळाशी जाऊन टक्कल थांबवत नाही. एका मर्यादेपलीकडे ते त्रासदायकही ठरू शकतं. मार्च 2025 मध्ये पंजाबमधल्या संगरूरला टकलावर तेल लावण्याचं शिबिर भरलं आणि त्यानंतर 65 हून अधिक लोक डोळ्यांच्या त्रासाने रुग्णालयात गेले.

बायोटिनच्या गोळ्या आणि 'गमीज'चा फायदा फक्त ज्यांच्यात बायोटिन खरोखर कमी आहे त्यांना होतो, आणि अशी माणसं फार थोडी असतात. शिवाय बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडसकट काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चाचणीआधी काही दिवस ती बंद ठेवावी का, हे डॉक्टरांना विचारावं.

'केसांचं व्हिटॅमिन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियमही असतं. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रव पूरकात छापलेल्यापेक्षा सुमारे 200 पट जास्त सेलेनियम गेलं आणि 201 जण आजारी पडले. त्यातल्या बहुतेकांचे केस गेले. शेगावकरांचं डोकं ज्याने रिकामं झालं, तेच खनिज केस वाढवायला म्हणून घरी आणण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचावं. दोन-तीन पूरकं एकत्र घेऊ नयेत.

कायदाही इथे स्पष्ट आहे. भारताच्या 1945 च्या औषध नियमावलीत अनुसूची 'जे' नावाची यादी आहे. त्यातले आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करायचा नसतो. त्या यादीत टक्कल आणि 'नवे केस उगवणं' ही दोन्ही नावं आहेत. म्हणजे 'टक्कल कायमचं बरं करतो' असं पाकिटावर छापणारा दावा करूच शकत नाही, तरी मोबाइलवर तो दिवसभर दिसतो.

बीड जिल्ह्यात सुरुवात कुठून करावी?

खाज, अचानक गळती किंवा गावात एकाच वेळी अनेकांचे केस जात असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवावं. बुलढाण्यात सरकारी यंत्रणा गावात पोहोचल्यावरच नमुने गोळा होऊ लागले आणि कारणाचा माग लागला. अशा वेळी घरातल्या धान्याचा, पाण्याचा थोडा नमुना जपून ठेवला तर तपासणीला मदत होते.

नेहमीच्या केसगळतीसाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवता येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. हिमोग्लोबिनची चाचणी आणि लोहाच्या गोळ्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणीही जायची गरज नसते.

जाताना सोबत तीन गोष्टी न्याव्यात: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-तेलांची नावं, गेल्या सहा महिन्यांतल्या आजारपणांची यादी आणि जुना फोटो. डॉक्टर टाळू पाहतील, थोडे केस हलके ओढून बघतील आणि गरज असेल तरच रक्त तपासायला सांगतील. त्यातून कारण कळलं की उपचारही ठरतो. काहींना मिनॉक्सिडिल लागतं, काहींना लोह, तर ताप किंवा बाळंतपणानंतर केस झडणाऱ्या बहुतेकांना थोडे महिने वाट पाहणंच पुरतं.